4107 मधली दोन रिकामी शून्यं

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली



रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं की स्पंज आयर्नच्या चिमण्या दिसू लागतात, तेच सिलतरा. अशा ठिकाणी चामड्याचे सोफे बनवणं हा हट्टच आहे, हे मला मान्य. काळी धूळ एवढी की चामड्याच्या गुंडाळ्या दुहेरी कापडात ठेवाव्या लागतात. पोट भरतं ते ट्रकच्या सीटांच्या रेक्झिनवर. चामड्याचं काम येतं कारखानदारांच्या बंगल्यांसाठी. पण माझ्या कारागिरांचा खरा हात तिथंच दिसतो, आणि तुमच्या खात्याशी माझी गाठ पडते तीही तिथंच.

2021 च्या अर्थसंकल्पात तयार चामड्यावरची आयात शुल्काची माफी काढली गेली आणि 10 टक्के शुल्क लागलं. कारण असं दिलं, की असं चामडं देशात चांगल्या प्रतीचं आणि भरपूर तयार होतं, तेही बहुतेक लघुउद्योगांत. त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे लाखाच्या मालावर 11 हजार. जीएसटी वेगळा, पण तो सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि त्याचं क्रेडिटही मिळतं, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. हे 11 हजार मात्र कुठूनही परत येत नाहीत.

पुढे 2025 च्या अर्थसंकल्पात वेट ब्लूवरचं शुल्क शून्यावर आलं. वेट ब्लू म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, ओलसर, निळसर कातडं. ते घेऊन मी काय करू? त्याला रंगवायला, मऊ करायला टॅनरी लागते. सवलत कानपूर आणि राणीपेठच्या टॅनऱ्यांना पोचली. त्यांना ती मिळायलाच हवी होती, त्यात वाद नाही. चपला-बुटांच्या चामड्यासाठी 2021 चं कारणही मी खरं धरतो.

सोफ्याचं गणित निराळं आहे. तीन माणसांच्या सोफ्याला चार-पाच अख्खी, मोठी कातडी लागतात. पाठीचा एक सलग तुकडा काढायचा तर मधे गोचिडीचा डाग नको, काट्याचा ओरखडा नको, डागणीची खूण नको. बुटासाठी डाग चुकवून तुकडे पाडता येतात, सोफ्यासाठी नाही. म्हणून आम्ही इटलीतल्या आर्त्सिन्यानोसारख्या टॅनऱ्यांच्या गावांकडे बघतो, शौक म्हणून नव्हे.

आता तुमचं दरपत्रक उघडून पाहा. अख्ख्या कातड्यासाठी कोड 4107 11 00, 4107 12 00. सोफ्याचं, गाडीच्या सीटचं, बुटाचं, पिशवीचं, सगळं एकाच ओळीत. त्यामुळे देशात सोफ्याचं चामडं किती येतं हे तुम्हालाही या आकड्यांतून कळत नाही, आणि ते इथं ‘भरपूर’ होतं की नाही हेही ताडून बघता येत नाही. अमेरिकेच्या दरपत्रकात सोफ्याच्या चामड्याला स्वतःची ओळ आहे. आपल्याकडे शेवटची दोन शून्यं रिकामीच पडली आहेत.

दुसरं दुखणं जाडीचं. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या टिपांप्रमाणे चामड्यावरचा प्लॅस्टिकचा थर एकूण जाडीच्या निम्म्याहून कमी असेल तर ते चामडंच. निम्मा किंवा जास्त झाला की ते प्लॅस्टिक, 39 वा अध्याय, आणि जीएसटी थेट 18 टक्के. नियम चांगलाच आहे. पण तो पाळायचा तर कडेचा बारीक काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजावा लागतो. एका बंदरावर माझ्या मालाचा निकाल नखाने घासून आणि नाकाला लावून लागला: ‘ये तो प्लास्टिक है.’ नमुना प्रयोगशाळेत गेला, कंटेनर तिथंच राहिला, भाडं रोजचं रोज चढत गेलं. अहवाल ‘चामडं’ असा आला. भाडं कोणी परत केलं नाही.

वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय घ्या, असं तुमचे अधिकारी सांगतील. मुंबई आणि दिल्लीला प्राधिकरणं आहेत, फी 10 हजार, निर्णय तीन वर्षं चालतो. मोठ्या आयातदाराला हे परवडतं. माझी टॅनरी बदलते, फिनिश बदलतं, कधी अर्धाच कंटेनर दुसऱ्याबरोबर वाटून येतो. दर वेळी नवा अर्ज करायचा का?

तेव्हा मागणी शुल्कमाफीची नाही. 4107 11 आणि 12 खाली सोफ्या-सीटांच्या चामड्याला वेगळी ओळ द्या. किमान आकार आणि जाडी तुम्हीच ठरवा. दोन वर्षांचे आकडे बघा आणि मग 10 टक्के ठेवायचे की काढायचे ते ठरवा. आकडे माझ्याविरुद्ध गेले तरी चालेल. आणि चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एका टॅनरीच्या एका फिनिशवर एकदा अहवाल दिला, की वर्षभर तो सगळ्या बंदरांवर चालावा. शंका आली तर नमुना जरूर काढा, पण माल हमीपत्रावर सोडा.

तयार कापून आणलेले तुकडे सीटचे भाग म्हणून 9401 मध्ये जातात, त्यावरही लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. त्याचं पत्र वेगळं पाठवेन.

कळावे,
सिलतऱ्यातला एक सोफा कारखानदार