जित्या क्लबाचं सुतक कशाला पाळता?

शिरपामाळ, जव्हार
जानेवारी 2026

'मुंबई सिटी संपली' ही बातमी रोज नव्याने देणाऱ्या समस्त जाणकारांना,



तुमच्यातल्या कुणालाही मी नावाने ओळखत नाही. तुमचं लिहिणं मात्र आमच्यापर्यंत पोचतं, म्हणून हे पत्र. मुंबई सिटी एफसीचा मी 2014च्या पहिल्या हंगामापासूनचा चाहता आहे. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही आमचा क्लब विकून टाकलात, बंद केलात, दुसऱ्या शहरात हलवलात आणि शेवटी त्याला श्रद्धांजलीही वाहून मोकळे झालात. यातलं काहीही लिहिण्याआधी कुणाला तरी एक फोन करून विचारावं, असं तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी झालं काय ते सांगतो, कारण तुमच्याकडे ते कुठेच सलग वाचायला मिळालं नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी देऊन टाकले. त्याच कराराच्या जोरावर पुढे इंडियन सुपर लीग उभी राहिली. कराराची मुदत 8 डिसेंबर 2025ला संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तरी नवा करार वेळेत झाला नाही. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, त्यात वाटाघाटी अडकल्या. जुलैमध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम तूर्त थांबवल्याचं क्लबांना कळवलं. सप्टेंबरमध्ये निकाल लागला, मग निविदा निघाली आणि नोव्हेंबरमध्ये तिची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. 2019 मध्ये त्यांनी आमच्या क्लबाचा 65 टक्के हिस्सा घेतला होता, तो आता जुन्या मालकांकडे, म्हणजे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे गेला. लीगचं पुढे काय होणार याचा भरवसा नाही, हे कारणही ग्रुपने उघड सांगितलं. आणि 6 जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की लीग 14 फेब्रुवारीला सुरू होईल, चौदाही क्लब खेळतील, एकूण 91 सामने होतील.

यात क्लब बंद पडला कुठे? मोठा भागीदार गेला, हे संकट आहेच. पैसा आटणार, परदेशी खेळाडू टिकवणं अवघड होणार, ही काळजी आम्हालाही आहे. पण ज्या घरातून कर्ता माणूस बाहेर पडला, त्या घराच्या दारात दुसऱ्याच दिवशी तिरडी बांधायला बसायचं नसतं.

लिहायला विषय नव्हता असंही नाही. करार संपला त्यानंतर सहाच दिवसांनी, 14 डिसेंबरला, लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला. त्याला पाहायला लोक लोटले. त्यात काही गैर नाही, मेस्सी पाहायला मिळतोय तर माणूस जाणारच. पण त्याच दिवशी या देशातल्या पहिल्या फळीच्या फुटबॉलपटूला आपला लीगचा पुढचा सामना कधी, कुठे, होणार की नाही, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं हातात असताना पर्यायी व्यवस्था का उभी राहिली नाही, हा प्रश्न तेव्हा जबाबदार माणसांना विचारायचा होता. तो प्रश्न विचारायला अभ्यास लागतो. 'क्लबाला टाळं' हे दोन शब्द लिहायला काहीच लागत नाही.

टीका करू नका, असं माझं अजिबात म्हणणं नाही. 29 मार्च 2025ला बंगळुरूत बाद फेरीच्या सामन्यात आम्ही 0-5 हरलो. आमच्या बचावफळीबद्दल त्या रात्री जे जे बोललं गेलं ते सगळं मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. अपुइया 2024 मध्ये मोहन बागानला गेला, त्यानंतर मधली फळी पूर्वीसारखी बांधलेली दिसली नाही. 2023-24च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये आम्ही सहाच्या सहा सामने हरलो. बोला यावर, हवं तेवढं बोला. त्याच्या आदल्या खेपेला, 11 एप्रिल 2022ला, याच क्लबाने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं होतं आणि त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला होता, हेही जमलं तर सांगा.

नेमारच्या वेळचं तर मी विसरूच शकत नाही. 2023च्या ऑगस्टमध्ये त्याच चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत नेमारची अल हिलाल आमच्या गटात आली आणि नेमार महाराष्ट्रात खेळणार म्हणून सगळे हरखले. 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. 6 नोव्हेंबरला नवी मुंबईत सामना झाला, तो आला नाही, येणं शक्यच नव्हतं. तरी 'तिकिटं खपवायला क्लबाने खोटं सांगितलं' असे मजकूर माझ्या फोनवर आले. ज्याचा गुडघा गेलाय त्याला आणायचं कुठून, एवढाही विचार पाठवणाऱ्याने केला नव्हता.

तुमच्या अफवा आम्हाला लागतात, याला कारण आहे. आमच्याकडे स्पर्धा आणि क्लब खरोखर मरतात. 1891 मध्ये सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स करंडक आज खेळवला जात नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघच मोडला. एफसी पुणे सिटी 2017-18ला उपांत्य फेरीत होती, 2019 मध्ये ती नाहीशी झाली. तिची जागा हैदराबादला गेली आणि 2025 मध्ये तिथूनही दिल्लीला. पुण्याच्या बालेवाडीत शेवटचा सामना पाहून घरी गेलेल्या माणसांना तो शेवटचा होता हे काही महिन्यांनी कळलं. ही माणसं आमची सोयरी आहेत. त्यांचं झालेलं आम्ही पाहिलंय, म्हणून 'संपलं' हा शब्द वाचला की आमचा थरकाप होतो, आणि तुम्ही तो शब्द लोकांनी दुव्यावर बोट ठेवावं म्हणून वापरता.

आता मी राहतो तिथलं सांगतो. शिरपामाळ हे जव्हारजवळचं उघडं माळरान. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. स्मारकही आहे. संध्याकाळी पोरं मोकळ्या जागेवर गोलच्या जागी दगड मांडून फुटबॉल खेळतात. आसपासच्या कितीतरी पाड्यांत फोनला रेंज मिळत नाही, ती उंचावर येते, म्हणून मोठी माणसंही फोन हातात धरून इथे उभी असतात. रेंज तरी कसली, तर अक्षरं उतरतात, व्हिडिओ नुसता फिरत राहतो आणि दुव्यावर बोट ठेवलं तर पान उघडत नाही. तुमची अफवा अक्षरांत येते. खुलासा येतो तो व्हिडिओत नाहीतर कुठल्यातरी दुव्याच्या पोटात. म्हणजे खोटं इथवर चढतं आणि खरं खाली पायथ्याशीच राहतं. मुंबईत बसून तुम्हाला हे दिसत नसेल, म्हणून मुद्दाम लिहितोय.

भातकापणी उरकली की इथली घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. माळावर खेळणाऱ्या एका पोराचा थोरला भाऊ असाच भट्टीवर आहे. त्याने तिकडून धाडलेला मजकूर पोराने मला दाखवला. क्लबाच्या चिन्हाला हार घातलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पोराच्या अंगात भावानेच आणलेली आकाशी जर्सी होती, पाठीवर छांगटेचं नाव, धुऊन धुऊन अक्षरं सोलवटलेली, एक अक्षर तर घरच्या कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने पुरं केलेलं. त्याने मला विचारलं, "सर, मग आता ही घालायची नाही का?"

मी त्याला सगळं समजावलं. मंत्र्यांनी जाहीर केलेली तारीख सांगितली. छांगटे मिझोरमचा, बिपिन सिंग मणिपूरचा, तीही डोंगराळ राज्यांतली पोरं, आणि बिपिनने 2021च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटाला गोल करून आपल्याला पहिला करंडक मिळवून दिला, हेही पुन्हा सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो साधा शर्ट घालून खेळायला आला. माझ्यापेक्षा त्याचा भावावर जास्त विश्वास आहे, आणि तो असायलाच हवा. भावाने मुद्दाम खोटं पाठवलं नाही. दिवसभर विटा थापून रात्री फोन उघडणाऱ्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्याने केलं.

इथून अंधेरीला सामना पाहायला जायचं म्हणजे एसटीने पालघर गाठायचं, तिथून लोकल, मग मेट्रोने आझादनगर. सामना सुटल्यावर परतीची एसटी नसते, रात्र विरार-नालासोपाऱ्यात कुणा नातेवाइकाकडे काढावी लागते. तरी आम्ही जातो. पोरांना एकदा तिथे न्यायचं माझ्या मनात आहे. त्या पोरांपुढे तुम्ही हार घातलेलं चिन्ह ठेवलंत.

तुम्ही माफी मागावी असं मी म्हणत नाही. एकच काम करा. ज्या ज्या ठिकाणी तुम्ही क्लब बंद पडल्याचं लिहिलंत, तिथे तिथे तो बंद पडलेला नाही, 14 फेब्रुवारीपासूनच्या लीगमध्ये तो आहे, असं मराठीत लिहा. व्हिडिओ नको, दुवा नको, साधी अक्षरं लिहा, म्हणजे ती माळावर उतरतील. आणि लीग सुरू व्हायच्या आत लिहा. वीटभट्टीवरची माणसं शिमग्याला घरी येतात, तोवर उशीर झालेला असेल. तुमचं ते लिहिणं आधी भट्टीवरच्या त्या भावाच्या फोनवर जायला हवं, कारण त्या पोराला ते त्याच्याकडूनच यायला हवं.

आपला,
मुंबई सिटीचा एक चाहता