आवडत्या पुस्तकाचे दोष

धानाची कापणी आटोपली आणि दिवाळी सरली, की भंडारा जिल्ह्यातील गावोगावी मंडईचे दिवस सुरू होतात. घरे पाहुण्यांनी भरून जातात. दिवसा दंडार रंगते आणि रात्री नाटक उभे राहते. वैनगंगेच्या खोऱ्यातील बोचरी थंडी अंगावर घेत प्रेक्षक पहाटेपर्यंत मांडवात बसून राहतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्याच प्रेक्षकांची वाणी ऐकावी! खलनायक ऐन वेळी संवाद विसरला, दुसऱ्या अंकात गाणे उगाच घुसडले, शेवट तर गेल्या वर्षीच्या नाटकावरून उचललेला होता, असे एकेक दोष ते मोजून दाखवितात. तरीही त्यांना कोणी नाटकाचे वैरी म्हणत नाही. पुढच्या मंडईला हेच लोक सर्वांआधी येऊन पुढची जागा धरणार, हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र हा उदारपणा कोठे जातो, कोण जाणे.

याच जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात सातवीतील एका मुलाचे आणि मुलीचे कडाक्याचे भांडण झाले. विषय होता ‘फास्टर फेणे’. भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला हा फुरसुंगीचा बनेश फेणे वीस पुस्तकांतून सायकल दामटीत गेला आहे. मुलाने ही पुस्तके आवडीने वाचली होती. काही तर दोनदोनदा. मुलीनेही एकही सोडले नव्हते. ती सहज म्हणाली, “बनेश संकटात सापडते अन् सुटते. कसा सुटते, येवढंच पाहाचं रायते. सुटन का नाही, याची भीती मले आता वाटतच नाही.” मुलगा लालबुंद झाला. “मंग वाचतेस कायले?” असे म्हणून त्याने तिच्यापुढचे पुस्तक ओढून घेतले. मुलीला उत्तर सुचले नाही. त्यानंतर ती वाचनालयात येत राहिली. पण पुस्तकांविषयी बोलेनाशी झाली.

मुलाचा प्रश्न रागाचा असला, तरी विचार करण्याजोगा आहे. जे पुस्तक सदोष वाटते, ते वाचावेच का? वस्तुतः मुलीला दिसलेला दोष एकच पुस्तक वाचणाऱ्याला दिसलाच नसता. पहिल्या पुस्तकात वाचकाचा जीव टांगणीला लागतो. पंधराव्यात त्याला लेखकाची चाल ओळखू येऊ लागते. दीर्घ मालेतील उणीव तिच्यासोबत दीर्घकाळ चाललेल्या वाचकालाच जाणवते. म्हणजे मुलगी दोष दाखवीत होती, ती मालेवर माया केली म्हणूनच. ज्याला फेणे आवडत नाही, त्याने पहिल्याच पुस्तकानंतर त्याची साथ सोडली असती आणि त्याच्याशी भांडण करण्याची वेळच आली नसती.

तथापि मुलाची बाजूही अगदीच लंगडी नाही. पुनरावृत्ती हा प्रत्येक ठिकाणी दोष ठरत नाही. आजीची गोष्ट शंभर वेळा ऐकलेली असते, आणि ठरलेले वाक्य ठरलेल्या जागी आले नाही, तर नातवंडेच तिला अडवितात. बनेश जीभ टाळ्याला लावून ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. तो आवाज न काढताच एखादी कथा संपली, तर वाचकाला चुकल्यासारखे वाटेल. ‘ट्टॉक’ हवे आणि धोकाही खरा वाटायला हवा, या दोन्ही अपेक्षा एकाच वाचकाच्या असतात. वीस वेळा त्या पुऱ्या करणे किती अवघड आहे, हे ज्याने शाळेच्या हस्तलिखितासाठी दोन कथा लिहिल्या असतील, त्याला विचारावे.

विज्ञानकथेत ही अडचण अधिकच वाढते. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथाही मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या. अशा कथेत लेखकाला वाचकाला काहीतरी समजावून सांगावेच लागते: यान कसे उडते, काळ मंद का होतो. कच्चा लेखक मग दोन शास्त्रज्ञांना समोरासमोर बसवितो, आणि दोघांनाही वर्षानुवर्षे ठाऊक असलेली गोष्ट एक दुसऱ्याला पानभर सांगत बसतो. असे कोणी बोलते काय? दोन अनुभवी शेतकरी धुऱ्यावर भेटले, तर रोवणी म्हणजे काय, हे एकमेकांना समजावून सांगत नाहीत. विज्ञान अचूक असले, म्हणून हा दोष झाकला जात नाही.

लेखकाचे नाव मोठे असले, तर? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर मराठीतच घडून गेले आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरविली होती. त्यांना पद्मभूषण हा किताब मिळून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. खऱ्या नावाने कथा पाठविली असती, तर नावाचे वजन परीक्षकांच्या तराजूत आपोआप पडले असते. त्यांनी ते वजन काढून घेतले आणि कागदावरील अक्षरे तेवढी पुढे ठेवली. पुढे त्यांनी पुष्कळ विज्ञानकथा लिहिल्या आणि 2021 मध्ये नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली ते निवर्तले. त्यांच्या कथांविषयीही वाचकांत मतभेद आहेत. कोणाला त्यांतील कल्पना थक्क करते, पण माणसे पुसट वाटतात. कोणाला ती साधी, सरळ भाषाच प्रिय वाटते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या कथेला नावे ठेवू नयेत, असे म्हणणाऱ्याने ‘जगतापां’ची आठवण ठेवावी. ज्याने आपले नाव स्वतःच बाजूला ठेवले, त्याच्या नावाची ढाल इतरांनी का पुढे करावी?

दोष दाखविणे सोपे आणि लिहिणे कठीण, असेही म्हटले जाते. हे खरेच आहे. याची गंमत पाहावयाची, तर इंग्लंडकडे वळावे लागते. तेथे ‘डॉक्टर हू’ नावाची एक विज्ञानमालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. निळ्या पेटीत बसून काळातून प्रवास करणारा तिचा नायक मरणाच्या दारी पोहोचला, की नवा देह धारण करतो. म्हणून नट बदलले, तरी मालिका चालूच राहते. 1989 मध्ये ती थांबली आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली. 1986 साली, मालिकेचे दिवस बरे नसताना, दूरचित्रवाणीच्याच एका कार्यक्रमात काही चाहत्यांना बोलाविण्यात आले. त्यांत ख्रिस चिबनॉल नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. मालिकेचे लेखन याहून चांगले व्हायला हवे होते, असे त्याने साऱ्या देशासमक्ष सांगून टाकले. हा मुलगा मोठेपणी लेखक झाला, आणि 2018 मध्ये त्याच मालिकेचा प्रमुख लेखक म्हणून त्याचे भाग दाखविले जाऊ लागले. मग काय झाले? नव्या चाहत्यांनी त्याच्या लेखनावर टीकेची झोड उठविली. पात्रे फार समजावून सांगतात, कथा मध्येच भाषण होऊन बसते, असे आक्षेप आले; अर्थात त्याची बाजू घेणारेही होतेच.

ही हकीकत ऐकून, बरी खोड मोडली, असे कोणाला वाटेल. परंतु त्या मुलाने 1986 साली तोंड मिटून घेतले असते, तर मालिकेचे काय भले झाले असते? सोळाव्या वर्षी ज्याला लेखनातील उणीव टोचली, त्यालाच पुढे लेखणी हाती घ्यावीशी वाटली. त्याच्या लेखणीलाही उणिवा निघाल्या, हे स्वाभाविकच होय.

टीका करणाऱ्यावर एक बंधन मात्र अवश्य असावे. “भिकार आहे” हे मत नव्हे. तो नुसता आवाज आहे. कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यापाशी कथा कोसळली, हे बोट ठेवून दाखविता आले पाहिजे. टपरीवरचे प्रेक्षक तरी काय करतात? दुसरा अंक, अमुक गाणे, अशी नेमकी जागा दाखवितात. स्तुती करणाऱ्यालाही यातून सूट नाही. “आपला फेणे तो फेणेच” असे म्हणून आवडीचे कारण सांगितल्यासारखे होत नाही.

त्या वाचनालयातील मुलगा काही दिवस घुश्शातच होता. मग त्याने कपाटातून एकेक पुस्तक पुन्हा काढले. मुलीला खोटे पाडावे, हाच हेतू. पण वाचता वाचता तिचे म्हणणे त्याला जागोजागी आठवू लागले, आणि काही ठिकाणी नाइलाजाने पटूही लागले. एके संध्याकाळी एक पुस्तक घेऊन तो तिच्या मेजापाशी आला. मधल्या एका पानात त्याने धानाची काडी घालून ठेवली होती.

“इथं पाहाय,” तो म्हणाला, “इथं मले खरंच भेव वाटला.”

मुलीने काडी बाजूला केली आणि ते पान वाचायला घेतले.