वर्दी त्यांची, पेन्शन आपली

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गावातल्या पोलीस लाईनीत गेले होते. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि एका वहिनींनी मला हळूच बाजूला घेतलं. "ताई, आमच्या ह्यांना पेन्शन आहे की नाही हो? कुणी आहे म्हणतं, कुणी नाही." त्यांचे यजमान २००७ साली भरती झालेले, आता हवालदार. पेन्शनचा विकल्प द्यायचा कागद घरात आलेला आणि टीव्हीच्या मागे पडलेला. त्यांना बंदोबस्तातून सवड नाही, आणि वहिनींना तो वाच असं कुणी म्हटलंच नाही!

पेन्शनवाढीच्या बातम्या आपण "पुरुषांचं काम" म्हणून उलटून टाकतो. पण पोलिसाच्या घरात ती पेन्शन शेवटी बहुतेक वेळा बाईच्याच हाती येते. म्हणून आज जरा हिशेबाला बसू या.

राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के कापले जातात, सरकार चौदा टक्के घालतं आणि ते पैसे बाजारात गुंतवले जातात. निवृत्तीला किती मिळेल, हे बाजार ठरवणार. याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. शिक्षिका, परिचारिका, तलाठी सगळे रस्त्यावर उतरले. पोलीस मात्र त्या मोर्चांच्या कडेला काठी घेऊन उभे होते. मागणी त्यांच्याही घरातली, पण पोलिसाला संघटनेची मोकळीक नाही. १९६६ चा कायदा तसा आहे, आणि १९८२ साली मुंबईत पोलिसांनी आंदोलन केलं तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं. म्हणजे त्यांना स्वतःसाठी ओरडता येत नाही. मग त्यांच्या बाजूनं दुसऱ्या कुणी तरी बोलायला नको का?

संपानंतर चाकं हलली. मार्च २०२४ मध्ये राज्यानं सुधारित योजना जाहीर केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राच्या धर्तीवर एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मंत्रिमंडळानं मान्यता दिली. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षं सेवा झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची भर. दहा वर्षं झालेल्याला निदान दहा हजार. आणि नवऱ्यामागे पत्नीला साठ टक्के.

हे साठ टक्के ऐकून हुरळू नका हं! ते पगाराचे नाहीत, पेन्शनचे आहेत. मूळ पगार साठ हजार धरा, पेन्शन तीस हजार, पत्नीला अठरा हजार अधिक महागाई. बाजारावर सोडून देण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण आणखी एक मेख आहे. हा हक्क निवृत्तीच्या दिवशी जी कायदेशीर पत्नी असेल तिचा. जुन्या पेन्शनमध्ये मुलांचाही विचार होता.

आणि ती पंचवीस वर्षांची अट! शिपाई भरतीत राखीव प्रवर्गासाठी वयाची मर्यादा तेहेतीस, निवृत्ती अठ्ठावन्नला. शेवटच्या संधीला भरती झालेल्याची पंचवीस वर्षं जेमतेम भरतात. मधे नोकरीत खंड पडला की पेन्शन त्या प्रमाणात कमी. रात्रपाळी आणि गणपतीपासून निवडणुकीपर्यंतचा बंदोबस्त अंगावर झेलणाऱ्याला हीच अट थोडी सैल करायला काय हरकत आहे? माझं तरी स्पष्ट मत आहे, पोलिसांसाठी ती वीस वर्षं करावी.

आमच्या बचत गटातल्या एका आजींना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मला निराधारचे पंधराशे मिळतात, त्यांना कशाला वाढवून?" मी गप्पच झाले. पैसा सगळ्यांच्याच खिशातून जातो, हे खरं आहे. पण आजींचे पंधराशे वाढावेत म्हणून पोलिसाच्या विधवेचे अठरा हजार कमी करावेत, हा हिशेब मला पटत नाही. भांडायचं तर दोघींसाठी.

मला हे सगळं का टोचतं, तेही सांगते. माझे अण्णा २००३ साली सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा पगार आईच्या हातात कधी आला नाही, बाजाराला लागतील तेवढे पैसे मिळायचे. २००९ साली अण्णा गेले आणि पंचावन्नाव्या वर्षी आईचं पहिलं पासबुक निघालं, कुटुंब निवृत्तिवेतनाचं. पण त्याआधी आठ महिने ते अडलं होतं, कारण सर्व्हिस बुकात आईचं माहेरचं नाव! अण्णांनी लग्नानंतर ते बदलून घेतलंच नव्हतं. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, लग्नाची पत्रिका घेऊन किती खेपा घातल्या म्हणता! मग मात्र दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आई नवी साडी नेसून बँकेत जायची.

त्या वहिनींना घेऊन टीव्हीमागचा कागद काढला. दोघी बसून वाचला, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. यजमान रात्री दहाला आले, जेवण व्हायच्या आत वहिनींनी विचारलं, "तुमच्या सर्व्हिस बुकात माझं नाव काय लिहिलंय?" त्यांना ठाऊक नव्हतं. सोमवारी बघून येतो म्हणाले.