‘संक्रमणकाळ’ नावाचा अन्याय

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासाची ढोबळ मांडणी ठरलेली असते. १७५० साली योहान सेबास्टियन बाख गेला आणि बरोक युग संपले. पुढे हायडन आणि मोझार्ट आले. मधल्या ‘गॅलंट’ शैलीची ‘संक्रमणकाळ’ म्हणून दोन ओळींत बोळवण होते. हा शब्द मला संशयास्पद वाटतो. आपण संक्रमणात आहोत, या जाणिवेने कोणी संगीत रचत नाही.

बाखचा सर्वांत धाकटा मुलगा योहान क्रिस्टियन (१७३५-१७८२) याचेच उदाहरण घ्या. गेय धून, हलकी साथ, छोटी समतोल स्वरवाक्ये ही त्याची लक्षणे. त्यावरून त्याला उथळ ठरवणे सोपे आहे. परंतु बोलोन्याच्या पाद्रे मार्टिनींकडे त्याने काउंटरपॉइंटचे रीतसर शिक्षण घेतले होते; १७६० मध्ये तो मिलानच्या कॅथीड्रलचा ऑर्गनवादकही झाला. वडिलांची विद्या त्याला अवगत होती. ती मिरवायची नाही, हा त्याचा निर्णय होता. १७६५ पासून त्याने कार्ल फ्रीडरिश आबेलसह लंडनमध्ये वर्गणीदार श्रोत्यांसाठी मैफली चालवल्या. त्या श्रोत्यांना दिपवण्यापेक्षा त्यांच्याशी सुसंस्कृत संवाद साधणे त्याला महत्त्वाचे वाटले. आणि हा संवाद केवळ गोडगोड नव्हता. त्याची जी मायनरमधील सिंफनी (ओपस ६, क्रमांक ६) ऐकावी. तिन्ही भाग मायनरमध्ये. कुठेही सुखद तडजोड नाही.

मोझार्ट १७६४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्याला लंडनमध्ये भेटला. पुढे त्याने क्रिस्टियनच्या तीन सोनाटांचे कन्चेर्टो केले. १७८२ मध्ये क्रिस्टियनच्या निधनानंतर, ए मेजर पियानो कन्चेर्टोच्या (के. ४१४) संथ भागाचा आरंभ त्याने क्रिस्टियनच्याच एका सुरावटीने केला. ही आदरांजली होती. आपण मात्र तिचा उलटा अर्थ लावतो आणि मोझार्टच्या खुणा सापडतात तेवढ्यापुरतेच क्रिस्टियनला ऐकतो.

मोझार्टची झेप मोठी आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो मोजपट्टीविषयी. ज्याच्यानंतर कोणी थोर आला, त्याला पायरी म्हणायचे असेल, तर इतिहासात पायऱ्यांखेरीज उरते काय? प्रसन्नता हेही कलेचे एक प्रौढ मूल्य आहे. गांभीर्याच्या वाटेवरचा तो थांबा नव्हे. क्रिस्टियनचे संगीत ऐकताना पुढे काय येणार आहे, हे क्षणभर विसरता आले पाहिजे.