पंख आहेत, पण उडत नाहीत

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत घरातली मुले घेऊन आम्ही भायखळ्याच्या राणीबागेत गेलो होतो. पेंग्विनच्या काचेसमोर नेहमीसारखीच गर्दी होती. आमची सहा वर्षांची भाची काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘मामू, याला पंख आहेत ना? मग हा उडत का नाही?’’

मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी आमच्याआधीच उत्तर दिले, ‘‘बिचाऱ्याला उडायला येत नाही, बेटा.’’

तेवढ्यात त्या बिचाऱ्याने पाण्यात सूर मारला आणि पंख हलवीत क्षणात या टोकाहून त्या टोकाला गेला. भाची ओरडली, ‘‘अरे, हा तर पाण्यात उडतो!’’

पोरीने अगदी बरोबर सांगितले. पेंग्विनचे पंख निकामी झालेले नाहीत. ते वल्ह्यासारखे झाले आहेत. आकाशात उडणाऱ्या पक्ष्याची हाडे पोकळ आणि हलकी असतात. याची भरीव आणि जड असतात, म्हणूनच त्याला खोल बुडी मारता येते. आणखी एक गंमत म्हणजे, राणीबागेतले हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फाळ प्रदेशातले नाहीतच. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे.

त्या दिवसापासून ‘बिचारा’ हा शब्द आमच्या मनात घोळतो आहे. न उडणाऱ्या पक्ष्यांच्या सुमारे ६० जाती आज जगात आहेत. त्या खरोखरच बिचाऱ्या आहेत का, ते या महिन्यात पाहू.

उडणे फुकट नसते

कोंबडी साफ करताना छातीच्या मधोमध एक उभे, धारदार हाड लागते. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ते माहीत आहे. उडण्याचे मोठे स्नायू या हाडाला धरलेले असतात. शहामृग आणि एमू यांच्या छातीचे हाड मात्र सपाट असते. उडण्याचे स्नायू पोसायला खूप अन्न लागते. जिथे उडून पळण्याची गरज नाही, तिथे हा खर्च कशाला? त्याऐवजी तीच ताकद पायांना मिळाली किंवा पोहण्याला मिळाली.

शहामृगाला उर्दूत शुतुरमुर्ग म्हणतात. शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थ ‘उंट-पक्षी’. नाव शोभते. उंची अडीच मीटरपर्यंत, पायाला दोनच बोटे आणि धाव ताशी ७० किलोमीटर. त्याचे एक अंडे म्हणजे कोंबडीची जवळजवळ दोन डझन अंडी. संकट आले की तो वाळूत डोके खुपसतो, ही गोष्ट मात्र खोटी आहे. घरट्यावर बसलेला शहामृग मान जमिनीला टेकवून पडून राहतो, आणि लांबून बघणाऱ्याला डोके दिसत नाही, एवढेच.

ऑस्ट्रेलियाच्या एमूचे तर कौतुकच करावे. मादी अंडी घालून निघून जाते. नर सुमारे आठ आठवडे अंड्यांवर बसतो, जवळपास काही खात नाही, आणि पिल्ले निघाली की त्यांना घेऊन महिनोन्महिने हिंडतो. अंटार्क्टिकाचा एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यात, जिवावर बेतणाऱ्या थंडीत, दोन महिने अंडे आपल्या पावलांवर ठेवून उभा राहतो. तोही बापच. यांना बिचारे कोण म्हणेल?

शत्रू बाहेरून आला

मग यांच्यातले इतके पक्षी जगातून नाहीसे का झाले? कमी पडले ते पंख नव्हते. ज्या बेटांवर हे पक्षी हजारो वर्षे निर्धास्त होते, तिथे माणसाची जहाजे लागली.

डोडोची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. डच खलाशी १५९८ साली मॉरिशसला उतरले. त्यांच्यामागून डुकरे, उंदीर आणि माकडे आली. डोडोचे घरटे जमिनीवर, आणि घाबरण्याची त्याला सवय नाही. १६६२ नंतर तो पाहिल्याची खात्रीची नोंद मिळत नाही. जहांगीर बादशाहाचे नामांकित चित्रकार उस्ताद मन्सूर यांच्या नावे सांगितले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्र आज रशियात आहे, आणि त्या काळात सुरतेत जिवंत डोडो पाहिल्याचे एका इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेला होता! त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक निकोबारी कबूतर आजही आपल्या अंदमान-निकोबार बेटांवर आहे. मॉरिशसच्या राजचिन्हावर डोडो दिमाखात उभा आहे, पण जंगलात नाही.

अरबस्तानच्या वाळवंटातही पूर्वी शहामृग धावत असत. बंदूक आणि मोटार एकत्र आल्यावर ताशी ७० किलोमीटरची धावही अपुरी पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अरबी शहामृग संपला. पुढे सौदी अरेबियात एका कुंपण घातलेल्या राखीव क्षेत्रात आफ्रिकेतले त्याचे भाऊबंद आणून सोडले गेले.

काकापो

आम्हाला खरे तर सांगायची आहे ती काकापोची गोष्ट. हा न्यूझीलंडचा पोपट. हिरवा, गुबगुबीत, वजन चार किलोपर्यंत, रात्री हिंडणारा, आणि उडता न येणारा. त्याचे जुने शत्रू म्हणजे वरून नजर ठेवणारे शिकारी पक्षी. त्यामुळे धोका दिसला की झुडपात निश्चल बसायचे, हाच त्याचा उपाय. हिरव्या पानांत तो दिसतच नसे. पण माणसाबरोबर मांजरे, उंदीर आणि मुंगसासारखा दिसणारा स्टोट हा प्राणी आला. हे वासावर शिकार करतात, आणि काकापोच्या अंगाला चांगलाच वास असतो. जो उपाय त्याला युगानुयुगे वाचवत आला, तोच आता घात करू लागला.

१८९४ साली रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाची रेझोल्यूशन बेटावर रखवालदार म्हणून नेमणूक झाली. तोंडाला मुसके बांधलेला कुत्रा घेऊन तो जंगलात काकापो आणि किवी शोधी, आणि होडीतून त्या सुरक्षित बेटावर नेऊन सोडी. अशी शेकडो पाखरे त्याने हलवली. १९०० साली कळले की स्टोट समुद्र पोहून बेटावर पोहोचला आहे. सगळी मेहनत पाण्यात गेली.

हेन्री हरला, पण त्याची वाट खोटी नव्हती. पुढच्या पिढ्यांनी तीच धरली. उरलेले काकापो शत्रू नसलेल्या दूरच्या बेटांवर नेले, आणि काही बेटांवरून मांजरे आणि उंदीर आधी हटवले. १९९५ साली जगात फक्त ५१ काकापो होते. प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकाच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर आहे. अंडी धोक्यात असली तर ती उबवणयंत्रात ठेवतात. घाई करून मात्र चालत नाही, कारण रिमू नावाच्या झाडाला भरघोस फळे आली तरच काकापो अंडी घालतात, आणि तो बहर दोन ते चार वर्षांतून एकदा येतो. तोवर थांबायचे. २०२२ साली त्यांची संख्या २५० च्या पुढे गेली.

१९७५ साली मुख्य भूमीवरच्या दऱ्याखोऱ्यांत एक म्हातारा नर सापडला होता. लोकांनी त्याचे नाव ठेवले रिचर्ड हेन्री. हरलेल्या माणसाचे नाव त्या पाखराला मिळाले, आणि २०१० मध्ये मरेपर्यंत तो आपली पिल्ले मागे ठेवून गेला होता.

घरी मुलांशी बोलताना

भाचीला आम्ही हे सगळे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, ‘‘म्हणजे मांजर वाईट का?’’ नाही बेटा. मांजर मांजरासारखेच वागले. पण तिला त्या बेटावर कोणी नेले? जो नेतो, निस्तरायचेही त्यानेच.

एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ. ज्याला कोणाची भीती वाटत नाही तो मूर्ख नसतो. त्याला अजून कोणी दगा दिलेला नसतो. आणि चूक शंभर वर्षांची असली, तरी ती सुधारायला कोणीतरी हातात होडी घ्यावीच लागते. पुढच्या वेळी राणीबागेत गेलात, तर पेंग्विनला बिचारा म्हणू नका. तो सूर मारीपर्यंत जरा थांबा.