‘एफडीए अप्रूव्हड’ ऐकलं की लगेच चेक फाडू नका

बॅचमधल्या एका डायग्नोस्टिक सेंटरवाल्याने परवा विचारलं, "सर, पॅक्स घेतोय. सेल्समन म्हणतो, एफडीए अप्रूव्हड आहे. घेऊ ना?" पॅक्स म्हणजे एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफीच्या इमेज साठवून स्क्रीनवर दाखवणारी सिस्टीम.

माझं मत सरळ आहे: आधी कागद, मग चेक.

अमेरिकेत इमेज नुसती साठवणारं, दाखवणारं सॉफ्टवेअर २०१६ च्या कायद्याने मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येतून बाहेर गेलं. पण इमेजवर प्रोसेसिंग करणारी सिस्टीम क्लास २ मध्ये येते, तिला ५१०(के) क्लिअरन्स लागतो. आणि क्लिअरन्स म्हणजे अप्रूव्हल नाही! बाजारात आधीपासून असलेल्या उत्पादनाच्या तोडीचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून ‘के’ने सुरू होणारा नंबर मागा, एफडीएच्या साइटवर टाकून बघा. वापर कशासाठी, ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याच पॅक्सना अट असते की, कॉम्प्रेस करताना तपशील गमावलेल्या मॅमोग्राफी इमेजवरून मुख्य निदान करायचं नाही. हे सेल्समन सांगतो का?

आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअर मेडिकल डिव्हाइस धरलं जातं. इथलं लायसन्स वेगळं मागा. अमेरिकेचा कागद त्याची जागा घेत नाही.

मीही दुकानदार आहे, स्वस्त मालाचा मोह मला कळतो. पण एखाद्या ताईची गाठ स्क्रीनवर दिसलीच नाही, तर वाचवलेले पैसे कोणाला दाखवणार?