पिकाचू भाजीच्या गाडीवर

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून संध्याकाळी शांती नगरातून चालायचं म्हणजे दोन डोळे कमीच पडतात. रिक्षा, फेरीवाले, मधेच उखडलेला पेव्हर ब्लॉक. त्यात माझा भाचा तिसरा डोळाही उघडून चालतो, मोबाइलचा.

खेळ जुनाच, पोकेमॉन गो: नकाशावर हिंडत काल्पनिक प्राणी बॉल फेकून पकडायचे. जुलै २०१६ मध्ये तो परदेशात आला, आपल्याकडे रीतसर यायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात ज्यांना दम निघाला नाही त्यांनी तो इकडून तिकडून फोनवर उतरवून घेतलाच. खेळातली अंडी देवळांत सापडतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिकासुद्धा गेली!

पण ज्या ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यात प्राणी उभा करण्याचा, एवढा गाजावाजा झाला, ती मुरलेली पोरं आधी बंद करतात. ‘‘बॅटरी खाते मामा, आणि बॉलचा नेमही चुकतो.’’ मी हट्टाने चालू करायला लावली. पिकाचू नावाचा प्राणी भाजीवालीच्या गाडीमागे उभा राहायला हवा होता, तो थेट मेथीच्या जुड्यांवर चिकटवल्यासारखा दिसला. गाडी पुढे आहे, मागचं तिने झाकायला हवं, हे कळायला फोनला अंतर मोजावं लागतं. काही महागड्या फोनांत त्यासाठी लायडार नावाचा सेन्सर असतो, भाच्याच्या फोनात नाही. वर इथल्या एकमेकींना खेटून उभ्या इमारती. जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. आपण कट्ट्यावर बसलेलो आणि खेळातला आपला माणूस शेजारच्या सोसायटीत फेऱ्या मारतोय!

मग चष्मे येतील, सगळं सुटेल, असं म्हणतात. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये आला, ३,४९९ डॉलरला, वजन सहाशे ग्रॅमच्या वर. तो डोक्याला बांधून स्टेशन रोडला कोण चालणार? नुसत्या नावावरही हे खेळ तरत नाहीत. माइनक्राफ्ट अर्थ २०२१ मध्ये गुंडाळला, हॅरी पॉटरचा खेळ पुढच्या जानेवारीत.

तग धरला तो नकाशाने. पोकेस्टॉपच्या, म्हणजे त्या नकाशावरच्या थांब्यांच्या, बऱ्याच जागा मुळात इन्ग्रेस या आधीच्या खेळातल्या लोकांनी सुचवलेल्या. कॅमेरा थापा मारतो, नकाशा मात्र पोराला घराबाहेर काढतो. पुढच्या सेक्टरला जायलाही रिक्षा शोधणारा आमचा भाचा हल्ली चालल्यावरच उबणारं खेळातलं अंडं उबवायचं म्हणून पायी जातो. त्यातही २०१८ पासून अशी सोय आहे की अ‍ॅप बंद असलं तरी पावलं मोजली जातात. म्हणजे फोन खिशात. मला खेळाचा हाच भाग सगळ्यात आवडतो, आणि भाजीवालीलाही.